सर्ट्युइन, एनएमएन आणि बाबांची बाटली

सांजवारा (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात दादा अमेरिकेहून आला. सामानात बदाम, परफ्यूम, पुतणीचे जुने स्वेटर आणि बाबांसाठी पांढऱ्या कॅप्सूलच्या चार बाटल्या. वर नाव एनएमएन. "रोज सकाळी एक घ्या, सर्ट्युइन चालू होतात," हे त्याने बाबांना तीनदा, दर वेळी आवाज चढवत सांगितलं. बाबा ७४ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त. त्यांनी शांतपणे विचारलं, "चालू होतात म्हणजे? आत्तापर्यंत बंद होते काय?"

प्रश्न इतका रास्त होता की उत्तर शोधण्यात माझे तीन रविवार गेले. मी एके काळी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं, थोडे दिवस यीस्टच्या प्रयोगशाळेत काढले, आता शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे अर्धवट कळतं. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

गोष्ट म्हातारपणापासून सुरू होत नाही, यीस्टच्या लग्नापासून होते. यीस्टमध्ये 'ए' आणि 'अल्फा' असे दोन प्रकार असतात, त्यांचं आपसात जुळतं. प्रत्येक पेशीकडे दोन्ही प्रकारांची माहिती असते, पण एकच प्रत उघडी आणि बाकीच्या कुलपात. कुलूप सैल झालं तर पेशीला आपण कोण हेच कळेनासं होतं. हे कुलूप लावणाऱ्या जनुकांपैकी एक १९७९ मध्ये अमर क्लार आणि सहकाऱ्यांनी शोधलं. क्लार मूळचे पंजाबचे. त्यांनी दिलेलं नाव वेगळं होतं. पुढे 'सर-टू' हे नाव रूढ झालं, म्हणजे माहिती गप्प ठेवणारा नियंत्रक क्रमांक दोन. त्या सर-टूवरून या घराण्यातल्या सगळ्या प्रथिनांचं नाव पडलं 'सर्ट्युइन'.

आता म्हातारपण. यीस्टच्या आईपेशीला कळी फुटते, लेक वेगळी होते, पुन्हा कळी. अशा साधारण वीस-पंचवीस लेकी झाल्या की आई थकते. तिचं आयुष्य मोजायचं तर सूक्ष्मदर्शकाखाली बसून प्रत्येक लेक बारीक सुईने बाजूला करायची आणि आकडा लिहायचा. मी हे काम केलंय. मान आखडते, आणि रात्री झोपायचं म्हणून प्लेट फ्रीजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर सकाळपर्यंत आई कोण आणि लेक कोण याचा पत्ता लागत नाही. १९९१ मध्ये एमआयटीत लिओनार्ड ग्वारेन्टे यांच्याकडे दोन विद्यार्थ्यांनी हाच उद्योग सुरू केला. (त्यातला एक पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला. यीस्टच्या लेकी मोजून माणूस कुठेही पोचू शकतो.) १९९५ मध्ये धागा सर जनुकांपाशी पोचला आणि १९९९ मध्ये दिसलं की सर-टूची एक प्रत जास्त दिली तर आईपेशी सुमारे ३० टक्के जास्त जगते.

वर्तमानपत्रांनी हेच उचललं. पण मला विचाराल तर खरी बातमी २००० सालची. शिन-इचिरो इमाई आणि ग्वारेन्टे यांनी दाखवलं की सर-टू हे विकर (एन्झाइम) आहे आणि त्याला काम करायला एनएडी लागतं. म्हणजे काय, ते सांगते. आपल्या प्रथिनांवर ॲसिटिल नावाचा एक छोटा गट चिकटपट्टीसारखा लागतो. पट्टी लागली की प्रथिन एका तऱ्हेने वागतं, काढली की दुसऱ्या. पट्ट्या काढणारी इतरही विकरं आहेत, त्यांना नुसतं पाणी पुरतं. सर्ट्युइन मात्र दर पट्टीमागे एनएडीचा एक रेणू फोडतं. फुकटात होणाऱ्या कामासाठी कोण पैसे मोजतं? आणि एनएडी म्हणजे साधंसुधं नाणं नाही. अन्नातले इलेक्ट्रॉन वाहून नेणारा तोच रेणू, १९०६ मध्ये हार्डन आणि यंग यांना यीस्टच्याच रसात पहिल्यांदा चाहूल लागली होती तो. म्हणजे जनुकांच्या कुलपाची किल्ली ऊर्जेच्या हिशोबवहीला बांधलेली आहे.

बाबांना मी असं सांगितलं: समजा गाडीच्या ब्रेकची वायर थेट डिझेलच्या काट्याला जोडलीय. काटा हलला की ब्रेक आपोआप सैल किंवा घट्ट. ते म्हणाले, "असली गाडी मी पास केली नसती." पण समजलं त्यांना.

माणसात अशी सात सर्ट्युइन आहेत, सर्ट-वन ते सर्ट-सेव्हन. १, ६ आणि ७ मुख्यतः केंद्रकात, २ बाहेर पेशीद्रवात, ३, ४ आणि ५ तंतुकणिकांमध्ये. सगळी एकच काम करत नाहीत. पाचवं तर ॲसिटिलपेक्षा सक्सिनिल आणि मॅलोनिल गट काढण्यात तरबेज. वयाबरोबर अनेक ऊतींमधलं एनएडी घटतं, एनएमएनपासून शरीर एनएडी बनवतं, म्हणून एनएमएन खा आणि सर्ट्युइनना खुराक द्या, असा दादाचा युक्तिवाद. कागदावर सरळ आहे.

बाबांनी घ्यावं का? आणि हो, बंद होते का?

---

रिकामटेकडा | रविवार, रात्री १०:०५

लेख मस्त. पण ताई, कॅप्सूल कशाला? लाल वाइनने सर्ट्युइन जागे होतात असं वाचलेलं. आम्ही नाशिककर. कच्चा माल दारात आहे. बायकोला दाखवायला एखादा पुरावा मिळेल का?

---

पेशीपुराण | रविवार, रात्री ११:२०

रिकामटेकडा, पुरावा मिळेल, पण बायकोच्या बाजूचा. मी औषधकंपनीत जैवरसायनवाला आहे, आमच्या धंद्यात ही कथा नवीन मुलांना भुताच्या गोष्टीसारखी सांगतात.

२००३ मध्ये कॉनरॅड हॉविट्झ आणि हार्वर्डचे डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं की लाल द्राक्षांच्या सालीतलं रेझवेरट्रॉल सर्ट-वनचा वेग वाढवतं आणि यीस्टचं आयुष्य ७० टक्के वाढवतं. वर्षभरात सर्ट्रिस नावाची कंपनी उभी राहिली. २००६ मध्ये उंदरांवरचा प्रयोग आला: चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलेले उंदीर रेझवेरट्रॉलवर सडपातळ उंदरांच्या जवळपास तब्येत राखून जगले. २००८ मध्ये ग्लॅक्सोने ती कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली.

आता गंमत ऐका. विकराचा वेग मोजायला प्रथिनाचा छोटा तुकडा घेतात आणि त्याला चमकणारी एक शेपटी लावतात. पट्टी निघाली की पुढच्या पायरीला शेपटी सुटते आणि चमक दिसते. २००५ मध्येच दोन गटांनी शेपटी काढून तोच प्रयोग केला आणि रेझवेरट्रॉलचा परिणाम गायब. ते विकराला चेव आणत नव्हतं, शेपटी असलेल्या तुकड्याला विकराशी घट्ट बसवत होतं! २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी सर्ट्रिसच्या नव्या रेणूंबद्दलही तेच म्हटलं. २०१३ मध्ये सिंक्लेअर गटाने उलट दाखवलं की काही नैसर्गिक तुकड्यांमध्ये योग्य जागी त्या शेपटीसारख्याच स्वभावाचं अमिनो आम्ल असतं, तिथे परिणाम शेपटीशिवायही दिसतो, आणि सर्ट-वनमधला २३० क्रमांकाचा एक अमिनो आम्ल बदलला की तो नाहीसा होतो. म्हणजे अगदीच वाफ नव्हती. पण त्याच वर्षी ग्लॅक्सोने सर्ट्रिसचं अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं ऑफिस बंद केलं.

वाइनचा हिशोब मांडून टाकू. त्या उंदरांना रोज किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम मिळत होतं. ६० किलोच्या माणसाला सरळ वजनाने तेराशेच्या वर मिलिग्रॅम. लाल वाइनच्या लिटरला पाच मिलिग्रॅम धरलं तर अडीचशे लिटरच्या वर. उंदराचा चयापचय वेगवान म्हणून बाराने भागायची रीत आहे, तरी वीस लिटर उरते. रोज.

इटलीत किआन्तीच्या परिसरात ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीतलं रेझवेरट्रॉल मोजून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ चा निष्कर्ष: ज्यांच्यात जास्त आणि ज्यांच्यात कमी, मरणाच्या बाबतीत फरक नाही.

---

अनवट | सोमवार, सकाळी ७:१५

पाश्चात्त्यांना आत्ता सापडलं, आपल्याकडे द्राक्षासव शेकडो वर्षं आहे. त्यात रेझवेरट्रॉल सापडल्याचा शोधनिबंधही आहे, १९९९ चा.

---

पेशीपुराण | सोमवार, सकाळी ८:५०

निबंध खरा आहे, मी वाचलाय. द्राक्षं आंबवली की रेझवेरट्रॉल असणारच. पण माझा मुद्दा रेझवेरट्रॉल कशात आहे हा नव्हता, त्याने काय होतं हा होता. शेंगदाण्याच्या तांबड्या सालीतही असतं. वीस लिटर वाइनऐवजी वीस लिटर द्राक्षासव प्यायलात तर सर्ट्युइनचं राहू द्या, आधी पोट बोलेल.

---

चकली_नं_७ | सोमवार, सकाळी ९:३०

वाचतेय. पण मुळात सर-टूने आयुष्य वाढतं हे तरी नक्की का? यीस्ट म्हणजे काही माणूस नव्हे.

---

सांजवारा | सोमवार, दुपारी ४:१०

हाच प्रश्न मला छळत होता. २००१ मध्ये गोलकृमींमध्ये हे जनुक वाढवल्यावर आयुष्य ५० टक्क्यांपर्यंत वाढलेलं दिसलं, मग फळमाशीतही वाढलं. दहा वर्षं सगळे हाच दाखला देत होते. २०११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डेव्हिड जेम्स, लिंडा पार्ट्रिज वगैरे मंडळींनी तेच कृमी घेतले, नीट संकर करून जनुकांची पार्श्वभूमी सारखी केली, आणि वाढलेलं आयुष्य नाहीसं झालं. त्या कृमींमध्ये भलतंच एक उत्परिवर्तन लपून बसलेलं होतं, श्रेय सर्ट्युइनला मिळत होतं. माशांचंही तसंच, तुलनेला घेतलेल्या माश्या योग्य नव्हत्या. ग्वारेन्टेंनी त्याच अंकात उत्तर दिलं: वाढ आहे, पण आधी सांगितली त्यापेक्षा बरीच कमी.

उंदरांत सर्ट-वन सगळ्या शरीरात वाढवलं तर म्हातारपणी साखर बरी राहते, काही कर्करोग कमी होतात, पण आयुष्य वाढत नाही. फक्त मेंदूत वाढवलं तर मात्र वाढतं, हे इमाईंच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. सर्ट-सिक्सचा दाखला जास्त भक्कम वाटतो. ते जनुक काढलेली पिल्लं चार आठवड्यांत मरतात, रक्तातली साखर कोसळते, कातडीखालची चरबी जाते, पाठीला बाक येतो. आणि २०१२ मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात ते वाढवलेले नर सुमारे १५ टक्के जास्त जगले. माद्या नाही. २०२१ मध्ये त्याच गटाला माद्यांतही फरक दिसला.

माझं मत, चुकीचं असू शकतं: 'दीर्घायुष्याचं जनुक' ही पाटी उतरवली तर हा विषय लहान होत नाही, उलट खरा होतो. उपास पडला, अन्न आलं, पेशीने आपला कारभार कसा पालटायचा, ते पालटणारी ही यंत्रणा. आयुष्य वाढणं ही त्यातली एक शक्यता, तीही कधीमधी.

---

चकली_नं_७ | सोमवार, दुपारी ४:२५

उपास म्हणालात म्हणून. म्हणजे माझ्या सासूबाईंची एकादशी शास्त्रीय ठरली? त्यांना सांगू की नको?

---

पेशीपुराण | सोमवार, रात्री ९:००

एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात तूप, बटाटा, दाण्याचं कूट. खिचडी पोटात गेल्यावर यकृताला 'उपास चालू आहे' असं कुणी कळवत नाही हो.

खरा उपास, म्हणजे रात्रभर काही न खाता दुसऱ्या दिवसात शिरणं, तेव्हा यकृतात सर्ट-वन पीजीसी-वन-अल्फा नावाच्या प्रथिनावरच्या पट्ट्या काढतं आणि यकृत साखर बनवायला लागतं. २००५ पासून माहीत आहे. पण जेवल्यावर हे थांबवतं कोण? यावर आपल्या मुंबईत, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या गटाने छान काम केलं. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की जेवणानंतर सर्ट-वनवरच साखरेपासून बनलेला एक छोटा गट चिकटतो, आणि ते कुठे, कुणाशी आणि किती वेळ काम करेल हे त्यावरून ठरतं. ही खूण नसली तर विकर उपाशीपणाचंच काम रेटत राहतं आणि रक्तातली साखर चढते. म्हणजे सर्ट-वन जास्त चाललं म्हणजे चांगलंच, असं नाही. वेळेवर थांबणंही हवं. बाबांना सांगा, ब्रेक धरून बसला तरी गाडी पास होत नाही.

'सर्ट्युइन चालू करा' म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा राग आहे तो यासाठी.

---

गावरान_ज्वारी | मंगळवार, सकाळी ६:४०

एवढी एनएडीची चर्चा झाली आणि पेलाग्राचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी आहारशास्त्र शिकवत असे, आता घरीच.

एनएडी कमी झालं तर माणसाचं काय होतं, याचा प्रयोग जगाने आधीच करून ठेवलाय, गरिबांवर. पेलाग्रा म्हणजे नायसिनचा अभाव, आणि नायसिन हा एनएडीचाच कच्चा माल. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, गळ्याभोवती माळेसारखा पट्टा उठतो, जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रंश. अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या लोकांत हजारोंनी मेले. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची जुनी रीत, त्याने बांधलेलं नायसिन सुटतं, म्हणून तिथे हा रोग नव्हता. मका परदेशी गेला, चुना मागे राहिला. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी अशाच रोगाचे कुत्रे निकोटिनिक आम्लाने बरे केले आणि कोडं सुटलं.

आपल्याशी संबंध असा की दख्खनच्या पठारावर मका नव्हे, ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल गरजेपेक्षा फार जास्त आहे आणि त्यामुळे ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन बनण्याची वाट अडत असावी. यावर पुढे बरेच वाद झाले, आयसोल्युसिनचा तोलही महत्त्वाचा असल्याचं दिसलं. पण मूळ निरीक्षण कुणी खोडलं नाही: नुसत्या ज्वारीवर दिवस काढणारा माणूस आजारी पडत होता.

'नुसत्या' शब्द महत्त्वाचा. नाहीतर उद्या कुणीतरी फॉरवर्ड पाठवेल की भाकरीने वेड लागतं. भाकरीबरोबर वरण आलं की ट्रिप्टोफॅन आलं. शेंगदाण्याची चटणी आली की शंभर ग्रॅम दाण्यांत बाराच्या आसपास मिलिग्रॅम नायसिन, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १४ ते १६. सोलापूरच्या माणसाला एनएडीचा कच्चा माल कुणी शिकवायला नको.

आजही पेलाग्रा दिसतो, दारूत बुडालेल्यांत. आणि क्षयरोगाच्या आयसोनियाझिडने ब-६ कमी होऊन नायसिन बनणं अडतं, म्हणून त्या गोळीबरोबर ब-६ देतात.

---

सांजवारा | मंगळवार, सकाळी ७:०५

ज्वारीताई, यासाठीच धागा काढला होता असं वाटायला लागलंय. मी एमएस्सीला पेलाग्राची लक्षणं घोकली होती आणि एनएडीचं रेखाटनही, दोन्ही एकाच वहीत, पण शेजारी ठेवून कधी पाहिली नाहीत.

---

वैद्यकीय_वायफळ | मंगळवार, रात्री १०:३०

ओपीडी संपवून सगळा धागा वाचला. मी पुण्यात फिजिशियन आहे. थोडं माणसांविषयी.

एनएमएनचा बऱ्यापैकी काटेकोर प्रयोग २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या, पाळी गेलेल्या २५ स्त्रिया, रोज २५० मिलिग्रॅम, दहा आठवडे. स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. चांगली गोष्ट. पण वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, यकृतातली चरबी, काही हललं नाही. त्याचाच भाऊबंद एनआर (त्यापासूनही शरीर एनएडी बनवतं), २०१८ मध्ये डेन्मार्कमध्ये ४० लठ्ठ पुरुषांना रोज दोन ग्रॅम, बारा आठवडे दिला. इन्सुलिनच्या बाबतीत काहीच फरक नाही. आणि अमेरिकी सरकारच्या खर्चाने तीन प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांवर औषधं तपासतात, तिथे रॅपामायसिनने आयुष्य वाढलं, अकार्बोजने मुख्यतः नरांचं वाढलं. रेझवेरट्रॉल आणि एनआर दोन्ही नापास.

अकार्बोज आपल्याकडे मधुमेहाला वर्षानुवर्षं देतात. पोटात वायू धरतो म्हणून पेशंट बंद करतात. दीर्घायुष्याची एवढी किंमत कुणी मोजायला तयार नसतं.

आता उपास आणि कमी खाणं. अमेरिकेत लठ्ठ नसलेल्या लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं सरासरी १२ टक्के. रक्ताचे आकडे सुधारले. पण तो आकडा आपल्या आजोबांना लावण्याआधी एक फोटो आठवा. २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये आमच्या पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काटा सारखा, आतला माल वेगळा. आपल्याकडचा सडपातळ म्हातारा अनेकदा आधीच स्नायू गमावून बसलेला असतो. त्याने सोळा-सोळा तास उपाशी राहून आणखी स्नायू घालवले तर सर्ट-वन खूश होईल, तो जिन्यावर पडेल.

कर्करोगाचंही लक्षात ठेवा. सर्ट-वन पी-५३ वरची पट्टी काढतं, आणि पी-५३ हा आपला पहारेकरी. त्याला पेंग आली तर बिघडलेल्या पेशीचं फावतं. दुसरीकडे सर्ट-सिक्स बऱ्याच ठिकाणी गाठ वाढू देत नाही. हृदयाच्या स्नायूची अनाठायी वाढही सर्ट-सिक्स रोखतं. त्यावर काम करणारे रवी सुंदरेसन आता बंगळुरूच्या आयआयएससीत आहेत. सातही भावंडांना एकदम खुराक देणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकच चष्मा.

सांजवाराताई, बाबांना कसला आजार, कुठल्या गोळ्या? आणि दादांनी नेमकं कशासाठी पाठवलंय, कळेल का?

---

सातासमुद्रापार | बुधवार, पहाटे ५:५०

मीच तो दादा.

बहिणीने दुवा पाठवला नव्हता, मला चुलतभावाकडून मिळाला. अख्ख्या मराठी आंतरजालाने माझ्या चार बाटल्यांची चिरफाड केलेली पाहून बरं वाटलं.

माझी बाजू. मी काही जाहिरात वाचून भाळलो नाही. बाबांना फोनवर ऐकू येत नाही. दर रविवारी मी ओरडतो, ते "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईला देतात. शोधताना मला २०१० चा एक पेपर मिळाला. कमी खायला दिलेल्या उंदरांचे कान म्हातारपणी शाबूत राहतात, पण सर्ट-थ्री नसलेल्या उंदरांचे राहत नाहीत. मग २०१४ चा: मोठ्या आवाजाने जाणारे उंदरांचे कान एनआरने वाचले, आणि तेही सर्ट-थ्रीमार्फतच. बाबांनी बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये इंजिनं आणि हातोडे ऐकले. मला एनएमएन सवलतीत मिळालं, आत शेवटी एनएडीच होतं म्हणून तेच घेतलं. यात चुकलं काय?

---

सांजवारा | बुधवार, सकाळी ६:३०

दादा, हे तू मला का नाही सांगितलंस? मला वाटलं तू त्यांना तरुण करायला निघालास.

---

सातासमुद्रापार | बुधवार, सकाळी ६:३४

तू विचारलंस कुठे. तू डायरेक्ट धागा काढलास.

---

रिकामटेकडा | बुधवार, सकाळी ८:००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मका. चुन्याशिवाय.)

---

वैद्यकीय_वायफळ | बुधवार, दुपारी २:१५

दादा, पेपर दोन्ही खरे आहेत आणि वाचन चांगलं आहे. अडचण वेळेची. त्या उंदरांना एनआर आवाजाच्या आसपासच्या दिवसांत दिलं होतं, आधी किंवा लगेच नंतर. त्यातून आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशींकडून निघणाऱ्या मज्जातंतूंची टोकं मागे सरायची राहिली. बाबांच्या कानावरचा हातोडा चाळीस वर्षांपूर्वीचा. माणसाच्या गेलेल्या केसपेशी परत येत नाहीत, कितीही एनएडी ओता. शिवाय उंदरांना दिलेला डोस किलोमागे शेकडो मिलिग्रॅम, तुमच्या कॅप्सूलचा हिशोब तुम्हीच करा.

कॅप्सूलने लगेच अपाय होईल असं मी म्हणत नाही. छोट्या अभ्यासांत काही महिने लोकांना ती सोसली. पण ७४ व्या वर्षी, दोन-चार इतर गोळ्यांबरोबर वर्षानुवर्षं घेतल्यावर काय, यावर हातात काही नाही. आणि ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणं सोडतो, बाहेर जाणं सोडतो, बुद्धीवरही परिणाम दिसतो. त्यावर आज उपाय आहे. आधी कानात मळ आहे का ते बघून घ्या, हसू नका, दर आठवड्याला एक तरी निघतो. मग ऑडिओमेट्री. मग यंत्र.

---

सांजवारा | शुक्रवार, रात्री ९:१०

नेले होते. मळ निघाला, लाज वाटेल इतका. तरीही वरच्या पट्टीतलं बरंच गेलंय, दोन्ही कानांत. आवाजाने जातं तसाच आलेख, असं ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या. यंत्र दहा दिवस वापरून बघायला दिलंय. बाबांनी त्याचा सेल कुठला, किती दिवस जातो आणि उघडायला स्क्रू कुठे आहे, एवढंच विचारलं.

गोळ्या म्हणाल तर रक्तदाबाची एक, बाकी काही नाही. कॅप्सूल मी कपाटात ठेवल्या. दादाशी बोलणं झालंय, तो परत मागत नाहीये.

---

चकली_नं_७ | शनिवार, सकाळी १०:४५

आणि त्यांच्या मूळ प्रश्नाचं? आत्तापर्यंत बंद होते का?

---

सांजवारा | रविवार, रात्री ८:५५

नव्हते. ७४ वर्षं दर जेवणाआधी आणि जेवणानंतर चालू-बंद होत आलेत. मी त्यांना हे सांगायला गेले, नेहमीच्या आवाजात. म्हणाले, "ओरडू नकोस."

आज दादाचा फोन अठरा मिनिटं चालला. नंतर मला बोलावून फ्रीजपाशी उभं केलं आणि म्हणाले, हा किती दिवस असा आवाज करतोय, कॉम्प्रेसरचं बूड सैल झालंय, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आत्ता जमिनीवर बसलेत, पाना घेऊन.